एक बाटली, एक दागिना

रिकाम्या बाटल्यांच्या काचेपासून डूल, पदकं, मणी कसे करायचे याविषयी बरीच पत्रं आली आहेत. त्यातले काही प्रश्न या वेळी घेते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण निम्म्याहून जास्त पत्रांमधल्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : ताई, हिरव्या आणि पांढऱ्या बाटलीचे तुकडे एकावर एक ठेवून भट्टीत पदक केलं. बाहेर काढलं तेव्हा सुरेख दिसत होतं. नंतर ते डबीतच होतं, कुणी हातही लावला नव्हता. एक दिवस डबी उघडली तर हिरव्या तुकड्याच्या कडेने तडा गेलेला. माझी भट्टी बिघडली आहे का?

उत्तर : भट्टीला दोष देऊ नका. तुम्ही दोन वेगवेगळ्या बाटल्या एकत्र केल्यात, तडा त्यामुळे गेला.

बाटल्यांची काच ढोबळमानाने एकाच जातीची असते. साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के सिलिका म्हणजे वाळू, बारा ते पंधरा टक्के सोडा, दहा टक्क्यांच्या आसपास चुना. पण प्रत्येक कारखान्याची कृती थोडी वेगळी असते आणि त्यानुसार काच तापल्यावर किती फुगते, निवताना किती आकसते हेही बदलतं. तीन सेंटिमीटरच्या पदकाचाच हिशेब करून पाहा. काच सुमारे पाचशे अंशांवर पूर्ण घट्ट होते. तिथून ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दोन बाटल्यांच्या आकसण्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा फरक पडू शकतो. डोळ्यांना तो दिसणार नाही. पण काच रबरासारखी ताणली जात नाही. दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटलेले असतात, एकाला जास्त आकसायचं असतं, दुसरा त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत कोंडून राहते आणि कधी तासाभराने, कधी महिन्यांनी तडा जाऊन मोकळी होते.

म्हणून माझा नियम आहे, एक बाटली, एक दागिना. दोन थर हवे असतील तर दोन्ही त्याच बाटलीतून कापा. माझ्या बाकावर प्रत्येक बाटलीचा वेगळा डबा असतो आणि फोडलेल्या बाटलीचं तोंड मी त्याच डब्यात ठेवते. नुसता रंग पाहून ‘हे त्याच बाटलीचं असेल’ असा अंदाज कधीच करायचा नाही. दोन हिरव्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर सारख्या दिसतात आणि भट्टीत वेगळ्या वागतात. उष्णतारोधक काचेची भांडी तर बाटलीच्या काचेत मुळीच मिसळू नका. त्यांची काच बाटलीच्या काचेच्या निम्मीदेखील प्रसरण पावत नाही.

तरीही दोन रंग एकत्र हवेच असतील तर आधी चाचणी घ्या. एका बाटलीच्या पट्टीवर दुसरीचा छोटा तुकडा भाजून घ्या आणि पूर्ण निवू द्या. संगणकाच्या साध्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडून ठेवा. डोळ्यांसमोर पोलराइज्ड गॉगल धरा आणि पडदा काळा पडेपर्यंत तो गोल फिरवा. मग पट्टी पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये धरा. सांध्याभोवती उजेडाची कडा चमकली तर तिथे ताण आहे. काच पडद्याइतकीच काळी राहिली तर जोडी जमली म्हणायची. सगळ्याच बाटल्यांवर मी हा प्रयोग करते आणि रंगांच्या सुंदर जोड्या त्यापायी सोडून देते. पुढे ते पदक कुणाच्या तरी गळ्यात असणार आहे, तिथे ते तडकलेलं मला चालणार नाही.

प्रश्न : एकाच बाटलीचे तुकडे वापरले तरी तडा जातो. तापमान किती ठेवायचं?

उत्तर : वरचं तापमान बहुतेकजण बरोबर ठेवतात, घाई उतरताना होते. दोन थरांच्या छोट्या पदकासाठी मी तासाला दीडशे ते दोनशे अंश या गतीने चढवते. साडेसहाशेच्या पुढे अर्धा तास थांबते, म्हणजे थरांमधली हवा निघून जाते. मग आठशे ते आठशे वीसपर्यंत नेऊन दहा मिनिटं. फक्त कडा गोल करायच्या असतील तर साडेसातशेच्या आसपास काम होतं. तिथून पाचशे पन्नासच्या जवळ आणून पाऊण तास ते तासभर तसंच ठेवायचं. या थांब्यात काचेतला ताण सुटतो, त्यामुळे तो टाळायचा नाही. पुढे तासाला ऐंशी अंशांनी पावणेचारशेपर्यंत उतरवायचं, मग भट्टी बंद करायची आणि हाताला गार लागेपर्यंत दार उघडायचं नाही.

हे आकडे सेल्सिअसचे आहेत. प्रत्येक भट्टीचा तापमापक थोडं वेगळं सांगतो, म्हणून पहिल्या खेपेला टाकाऊ तुकडे भाजून तुमच्या भट्टीचा स्वभाव ओळखा. बाजारातल्या कलाकुसरीच्या काचेसाठी छापलेली तक्ती बाटलीला जशीच्या तशी लावू नका. बाटलीची काच जरा हट्टी असते, तिला वितळायला जास्त उष्णता लागते.

प्रश्न : भट्टीतून काढलेल्या तपकिरी तुकड्यांवर राखेसारखा पांढुरका पापुद्रा दिसतो. घासूनही जात नाही.

उत्तर : तो पापुद्रा काचेचाच आहे. सातशे अंशांच्या वर काच जास्त वेळ रेंगाळली की तिच्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरू लागतात. बाटलीच्या काचेत ही खोड जास्त असते आणि बोटाचे ठसे, धूळ, लेबलचा डिंक यांच्यावर स्फटिक आधी जमतात. तुकडे साबणाने धुवा, शेवटी स्पिरिटने पुसा आणि पुढे कडेनेच उचला. कापताना उडालेली पूड कडेला राहिली तर तिथेही हाच पापुद्रा धरतो, म्हणून कडा ब्रशने धुवा. तापवताना सातशेपासून वरपर्यंतचा आणि परतीचा टप्पा भरभर ओलांडा. चिमूटभर टाकणखार ऊर्ध्वपातित गरम पाण्यात विरघळवून त्याचा पातळ हात भाजण्याआधी दिला तर पृष्ठभाग चकचकीत राहायला मदत होते.

झालेला पापुद्रा काढायचा तर ओल्या हिऱ्याच्या पॅडने वरचा थर घासून, टाकणखाराचा हात देऊन पुन्हा भाजावं लागेल. तपकिरी काचेवर तो मंद पांढुरकेपणा मला मात्र आवडतो. गुळगुळीत असेल, त्वचेला टोचत नसेल तर तसाच राहू द्यायला हरकत नाही.

प्रश्न : माझ्याकडे भट्टी नाही. सुतळी रॉकेलमध्ये भिजवून बाटलीला गुंडाळायची, पेटवायची आणि पाण्यात बुडवायची, असं पाहून केलं. तुकडे वेडेवाकडे होतात. भट्टीशिवाय दागिने होतील का?

उत्तर : नक्की होतील, पण ती सुतळी सोडून द्या. ज्योत एका रेषेत राहत नाही, त्यामुळे तडाही रेषेत जात नाही. शिवाय पेटतं रॉकेल, ओले हात आणि फुटणारी काच एकाच वेळी सांभाळणं धोक्याचं आहे. बाटली आडवी टेकवून फिरवायचा साधा बाटलीकटर घ्या. चीर एकदाच मारायची, एका दाबाने, सुरुवातीच्या बिंदूला मिळेपर्यंत. त्याच रेषेवर दुसऱ्यांदा चाक फिरवलं की कडेचे टवके उडतात आणि चाकही बोथट होतं. मग चिरेवर उकळतं पाणी, लगेच गार पाणी, असं आलटून पालटून. काही फेऱ्यांत बाटली टक्कन सुटते. जाड बुडासाठी पाण्यावर चालणारी, हिऱ्याच्या पात्याची टाइल कापायची करवत उत्तम.

खरं काम यानंतर सुरू होतं. कापलेल्या काचेची धार मोडायची. हिऱ्याचे हातपॅड किंवा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या. आधी साठ किंवा शंभर-सव्वाशे नंबर, मग दोनशे, चारशे, आठशे आणि हवं तर तीन हजारांपर्यंत. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे घालवतो, त्यामुळे ते गेले नसतील तर पुढे जाऊ नका. तुकडा पुसून कोरडा करून बघा. ओल्या काचेवर ओरखडे लपतात. शेवटची झळाळी हवी असेल तर नमद्याच्या चाकावर सीरियम ऑक्साइडची लगदी. नदीतल्या गोट्यासारखा मंद, गोल तुकडा हवा असेल तर फिरत्या पिंपात सिलिकॉन कार्बाइडच्या पुडीबरोबर काही दिवस फिरू द्या.

धार मोडली का, हे बोटाने तपासू नका. कापसाचा पातळ पेळू कडेवरून ओढा. तंतू अडकला की तिथे पुन्हा पॅड. कानामागे, मानेवर जिथे दागिना टेकतो तिथली त्वचा बोटापेक्षा नाजूक असते, म्हणून मी हे प्रत्येक तुकड्यावर, सगळ्या बाजूंनी करते.

आणि काच नेहमी ओलीच घासायची. कोरडी पूड डोळ्यांत, फुप्फुसांत जाते. चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क लागतोच. काम झाल्यावर बाक झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. पुडीचं पाणी सरळ मोरीत ओतू नका. ते स्थिर होऊ द्या, वरचं पाणी काढा आणि खालचा गाळ कचऱ्यात टाका.

प्रश्न : भोक पाडताना शेवटच्या क्षणी तुकडा फुटतो. इतकी मेहनत वाया जाते की रडू येतं.

उत्तर : तो शेवटचा क्षण टाळता येतो. ड्रिल पलीकडे निघताना खालची उरलेली पातळ काच दाब सहन करू शकत नाही आणि टवका उडतो. म्हणून अर्धं भोक एका बाजूने पाडा, तुकडा उलटा करा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने. दोन्ही भोकं मध्ये भेटतात, कडा दोन्हीकडे स्वच्छ राहतात.

पद्धत नीट सांगते. उथळ ताटलीत रबराचा तुकडा, त्यावर काच, काच जेमतेम बुडेल इतकं पाणी. ड्रिल बॅटरीवर चालणारं हवं. विजेच्या तारेचं यंत्र पाण्याच्या ताटलीवर धरायचं नाही, ते हातून निसटलं तर काय होईल हे सांगायला नको. दोन मिलिमीटरचा हिऱ्याचा बिट, हातोड्याची हालचाल बंद, गती कमी. सुरुवातीला बिट तिरपा धरा, म्हणजे तो घसरत नाही आणि नखासारखी छोटी खाच पडते. खाच पडली की हळूहळू उभा करा. दाब इतकाच, की हात काढला तर बिट स्वतःच्या वजनाने टेकलेला वाटावा. पाणी दुधाळ होऊ लागलं की काम चाललंय. दर काही सेकंदांनी बिट वर उचला, म्हणजे पूड बाहेर येते आणि गार पाणी आत शिरतं. पाणी दुधाळ व्हायचं थांबलं आणि आवाज किरकिरा झाला, तर बिट गुळगुळीत झालाय. त्या वेळी आपण नकळत जोर लावतो आणि काच जाते. नवा बिट घ्या.

भोक कडेपासून निदान काचेच्या जाडीएवढं आत असावं, दुप्पट असेल तर फारच छान. आणि भोक आधी पाडा, बारीक घडण नंतर करा. तुकडा गेलाच तर निदान पॉलिशची मेहनत वाचते.

प्रश्न : बाटलीच्या बुडाचे गोल तुकडे कानात घालायला केले. देखणे आहेत, पण मैत्रीण म्हणते कान ओढतो.

उत्तर : मैत्रिणीचं ऐका. एक घनसेंटिमीटर काच अडीच ग्रॅम भरते. पंचवीस मिलिमीटर व्यासाची, पाच मिलिमीटर जाडीची चकती सहा ग्रॅमपेक्षा जास्त होते आणि तीही एका कानाला. बाटलीच्या अंगाचा दोन सेंटिमीटर लांब, दीड रुंद, तीन मिलिमीटर जाड तुकडा सव्वादोन ग्रॅममध्ये बसतो. बुडाची काच गळ्यातल्या पदकासाठी ठेवा, तिथे तिचं वजन शोभतं. डुलांसाठी बाटलीचं अंग आणि मान घ्या. त्या तुकड्यांना आलेला बाक घासून सपाट करू नका, कानाजवळ उजेड त्या बाकातच छान खेळतो.

आकड्यांसाठी तार आठ दशांश मिलिमीटरची, म्हणजे वीस गेजची पुरे. निकेल अनेकांना सोसत नाही, त्यामुळे कान लाल होतात, खाज सुटते. अशांसाठी टायटॅनियम किंवा नायोबियमचे आकडे सगळ्यांत निर्धोक. चांदीही बहुतेकांना चालते. गुळगुळीत काचेला नुसती कडी चिकटवून टांगू नका. गोंद लावायचाच तर काच दोनशेच्या पेपरने खरखरीत करून, स्पिरिटने पुसून, दोन भाग मिसळायचा इपॉक्सी वापरा आणि तारेचा एक वेढाही द्या. गोंद सुटला तरी तारेने तुकडा अडकलेला राहील.

प्रश्न : बाटली आडवी कापून त्याच्या बांगड्या आणि मानेच्या अंगठ्या करता येतील का?

उत्तर : कापता येतील, घालू नका. बाटलीचं अंग दोन-चार मिलिमीटर जाडीचं असतं, कुठे जाड कुठे पातळ, आणि हात कशावर तरी आपटतोच. फुटेल तेव्हा ती धार मनगटाच्या शिरेवर असेल. मानेच्या कड्या मात्र सुंदर असतात. धार मोडून, जाडसर दोऱ्यात ओवून त्यांचा गळ्यातला हार करा.

प्रश्न : घरात फिकट जांभळ्या काचेची फार जुनी बाटली आहे. तिचे मणी केले तर?

उत्तर : कृपा करून तिला हात लावू नका. एकेकाळी काचेचा हिरवट रंग मारण्यासाठी मँगनीज घालत, आणि वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की अशी काच जांभळी होते. भट्टीत घातलीत तर तो रंग उडून जाईल. बाटलीही गेली आणि रंगही.

प्रश्न : घानामध्ये बाटल्यांच्या पुडीपासून मणी करतात असं वाचलं. घरच्या भट्टीत जमेल?

उत्तर : जमेल, आणि सुरुवात करायला मला हाच प्रकार सगळ्यांत आवडतो, कारण अगदी बारीक चुरादेखील कामी येतो. घानाच्या पूर्व भागातले क्रोबो लोक बाटल्या लोखंडी खलात कुटतात आणि पूड मातीच्या साच्यातल्या खळग्यांत भरतात. काच चिकटू नये म्हणून साच्याला आतून पांढऱ्या चिकणमातीचा, म्हणजे केओलिनचा हात दिलेला असतो. प्रत्येक खळग्याच्या मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळून जातो आणि त्याच्या जागी मण्याचं भोक तयार होतं. ड्रिलची गरजच नाही! भाजलेले मणी मग दगडावर वाळू-पाण्यात घासून गुळगुळीत करतात.

तुम्ही देठाऐवजी भट्टीच्या फायबर पेपरची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या तंतूंच्या कागदाची गुंडाळी वापरू शकता, पण तो कापताना मास्क हवा, त्याचे तंतू फुप्फुसांना वाईट. कुटलेल्या पुडीतून लोहचुंबक फिरवा, खलातले लोखंडाचे कण निघून येतील. नाहीतर मण्यांवर काळे ठिपके येतात. पूड अगदी बारीक असेल तर मधे हवा अडकून मणी दुधी होतात. एक ते तीन मिलिमीटरचे कण घेतले तर बरेच नितळ येतात. दोन्ही करून बघा, एकाच बाटलीतून.

प्रश्न : बाटल्यांचे दागिने करणं खरंच पर्यावरणाच्या हिताचं आहे का? की आपलं मन भरून घेण्यापुरतं?

उत्तर : कुठली बाटली उचलता त्यावर आहे. जी बाटली धुऊन पुन्हा भरली जाते तिला मी हात लावत नाही. ती तशीच पुन्हा पुन्हा वापरली जाणं हा काचेचा सगळ्यांत चांगला उपयोग. न भरता येणारी बाटलीही कारखान्यात वितळून नवी होऊ शकते. भट्टीतल्या कच्च्या मालात दर दहा टक्के जुनी काच घातली की साधारण अडीच-तीन टक्के ऊर्जा वाचते, आणि काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस जात नाही. म्हणून दागिन्यासाठी टवके उडालेल्या, तोंड फुटलेल्या, कुणी परत घेत नाही अशा बाटल्या घ्या. कारखान्याची भट्टी दीड हजार अंशांच्या आसपास जाते, आपली आठशेपर्यंत. पण एका पदकासाठी अख्खी भट्टी तापवणं मला पटत नाही. फळी भरेपर्यंत तुकडे साठवा.

उरलेला चुरा पुनर्वापराच्या काचेत टाकायचा तर त्यात उष्णतारोधक भांड्याचा किंवा चिनीमातीचा एकही तुकडा नको. ते तुकडे भट्टीत नीट वितळत नाहीत आणि पुढच्या बाटलीत खडा बनून राहतात.

प्रश्न : बाटलीवर रंगीत छापील अक्षरं आहेत. ती पदकावर तशीच ठेवायची आहेत. चालेल का?

उत्तर : नखाने किंवा गरम पाण्याने निघणारा रंग भट्टीत जळून धूर करेल, तो आधी काढा. काचेवर भाजून बसवलेली अक्षरं टिकतात, पण जुन्या बाटल्यांवरच्या अशा रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. ती घासू नका, भोकही तिथून पाडू नका आणि कानाला किंवा गळ्याला टेकणारी बाजू अक्षरांची नको. लहान मुलांसाठी दागिना करत असाल तर अक्षरांचा भाग कापून बाजूला काढा आणि उरलेली साधी काच वापरा.